वाटीभर दुखणं

माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी सरकली. माझ्या लग्नाचा मुहूर्तही मला इतका नेमका सांगता येत नाही. पण लग्नाची कॅसेट खराब झाली आणि या प्रसंगाचं चित्रीकरण उत्तम अवस्थेत आहे. आमच्या सोसायटीतल्या बहात्तर घरांपैकी निदान साठ घरांनी ते पाहिलेलं आहे.

त्याचं असं झालं. डोंबिवलीत श्रावण लागला की बायकांचे दोन गट पडतात : मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या आणि ते बघणाऱ्या. मी गेली दहा वर्षं बघणाऱ्यांत होते आणि सुखात होते. यंदा आमच्या ग्रुपमधली एक जण मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेली आणि तिची शिवलेली नऊवारी रिकामी पडली. ती मला बरोबर बसली. कलागुणांची इतकी झटपट पारख मी याआधी पाहिली नव्हती.

तालमीला मी नवे स्पोर्ट्स शूज घालून गेले. हॉलची फरशी गुळगुळीत, घसरून पडायला नको म्हणून मुद्दाम घेतले होते. दुकानदाराने बुटाचा तळवा काउंटरवर दाबून दाखवला होता, “मॅडम, ग्रिप बघा.” मी बघितली होती. बाकीच्या तेरा जणी अनवाणी होत्या आणि मी मनातल्या मनात त्यांच्या अडाणीपणाची कीव करत होते.

फुगडीचं शास्त्र फार मोठं नाही. हात ओलांडून धरायचे, पावलं जुळवायची, अंग मागे टाकायचं आणि गरगर फिरताना पावलं भराभर सरकवत राहायची. यातलं बाकी काही जमलं नाही तरी चालतं, शेवटचं जमावंच लागतं. माझं डावं पाऊल सरकलं. उजव्याने ग्रिप दाखवली. धड पुढच्या फेऱ्यात गेलं, पाऊल मागच्या फेऱ्यात राहिलं, आणि या दोघांच्या ओढाताणीत मधल्या मध्ये गुडघ्याची पंचाईत झाली. ‘टक्’ असा आवाज आला. तो मला कानांनी कमी आणि दातांनी जास्त ऐकू आला.

खाली बसले आणि पायाकडे पाहिलं. गुडघा असायचा तिथे खळगा होता. बाहेरच्या बाजूला, जिथे काहीही असायचं कारण नाही तिथे, एक भलंमोठं टेंगूळ वर आलं होतं. आपला अवयव असा परस्पर बिऱ्हाड बदलून शेजारी राहायला गेलेला पाहिला की आधी ओरडावंसंसुद्धा वाटत नाही. ओरडणं नंतर आलं आणि आलं ते बराच वेळ थांबलं नाही.

चौदा मराठी बायका जमल्या आहेत आणि सल्ला कमी पडला, असं इतिहासात घडलेलं नाही. एकीने पाय ओढायला सांगितला, दुसरीने चोळायला. तिसरीने कांदा मागवला. कांदा कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. कल्याणला एक हाडवैद्य आहेत, ते बोलता बोलता झटका देतात, असं चौथी म्हणाली आणि झटका कसा देतात ते दाखवायला माझ्याकडे सरकलीसुद्धा. तेवढ्यात आमच्यातल्या चौसष्ट वर्षांच्या काकू पुढे आल्या. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या. “कोणी हात लावायचा नाही,” असं त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्या आवाजात त्यांनी आयुष्यात शेकडो नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढलं असणार. माझ्या टाचेखाली हात घालून त्यांनी मला हळूहळू पाय सरळ करायला लावलं. वाटीला त्यांनी बोटही लावलं नाही. पाय जवळजवळ सरळ झाला आणि ते टेंगूळ, ताटाखाली मांजर शिरावं तसं, गुपचूप आपल्या जागी गेलं.

“नसती गेली तर?” मी नंतर त्यांना विचारलं.

“तर तशीच, खाली उशा लावून, दवाखान्यात नेली असती तुला. जोर करून बसवायला गेलं ना, की हाडाचा टवका उडतो.”

दवाखान्यात पोचेपर्यंत मात्र माझी अवस्था मिक्सर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलेल्या माणसासारखी झाली होती. घरी अजिबात न चालणारा मिक्सर तिथे काउंटरवर ठेवताच सुरळीत चालू होतो.

“वाटी सरकली,” मी म्हटलं.

“कुठे आहे आता?”

“जागेवर.”

डॉक्टरांनी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फोन पुढे केला. तालमीची रील करायची म्हणून कुणीतरी सगळं शूट करत होतं. डॉक्टरांनी ते एकदा पाहिलं, मागे नेऊन पुन्हा पाहिलं, मग बोटांनी मोठं करून तिसऱ्यांदा पाहिलं. शेजारच्या खोलीतल्या ज्युनिअर डॉक्टरांना बोलावून त्यांनाही दाखवलं. “फुगडी छान आहे,” असं म्हणून त्यांनी फोन परत दिला.

नवऱ्याने येताना फोनवर त्यांना “हिचा गुडघाच निखळला” असं सांगितलं होतं. त्याबद्दल त्याला बोलणी बसली. मांडीचं हाड आणि नडगी हीच एकमेकांपासून सुटली तर त्याला गुडघा निखळणं म्हणायचं. त्यात मागची रक्तवाहिनी फाटून पाय गमावायची वेळ येऊ शकते, म्हणून त्यांनी आमच्यासाठी धावपळ करून ठेवली होती. आमची नुसती वाटीच निघाली. डॉक्टरांनी तरी घोट्यापाशी नाडी चाचपून पाहिली. थोडी निराशा झाली असावी, पण त्यांनी ती दाखवली नाही.

या हाडाकडे बघून जगभरच्या लोकांना भूक का लागते, हा एक संशोधनाचा विषय आहे. लॅटिनमध्ये पटेला म्हणजे छोटी ताटली. हिंदीत तिला कटोरी म्हणतात. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले, त्यात गुडघ्याचं हाड ‘कपाल’ या प्रकारात टाकलं. कपाल म्हणजे खापर, बैराग्याचं भिक्षापात्रही. आपण वाटी म्हणतो. फक्त इंग्रजांनी तिथे टोपी घातली. पण ती काय, त्यांनी सगळीकडेच घातली. खरं म्हणजे ती वाटीसारखी नसतेच. डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या गुडघ्यात मी ती हातात घेऊन पाहिली : खाली टोक असलेली, जाडजूड, थेट शिंगाड्यासारखी. तिच्यात काहीही वाढता येणार नाही.

“ही जातीने तीळ,” डॉक्टर म्हणाले. स्नायूच्या दोरीत गुंफलेली जी सुटी हाडं असतात, त्यांना तिळावरून सेसमॉइड म्हणतात. बहुतेक खरोखरच तिळाएवढी असतात, ही त्यातली सर्वांत मोठी. तान्ह्या बाळाला तर ही हाडाची नसतेच, नुसती कूर्चा असते. तिसऱ्या वर्षापासून पुढे तिचं हळूहळू हाड होतं. तिचं काम विहिरीवरच्या कप्पीचं. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी हिच्यावरून जाते, म्हणून थोडक्या ताकदीत पाय सरळ होतो. आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते, तिच्यातून ही आयुष्यभर वरखाली सरकत राहते. आमच्या बेडरूमची सरकती खिडकी मला एकदम आठवली. तिचीही काच महिन्यातून एकदा रुळावरून उतरते आणि नवरा तीही जोर करूनच बसवतो. तिचे दोन टवके उडालेले आहेत.

“पण बाहेरच का गेली?” नवऱ्याने विचारलं. घरात न टिकणाऱ्यांविषयी त्याला एकूणच कुतूहल आहे.

जवळजवळ नेहमी बाहेरच जाते. मांडीचा स्नायू कमरेपासून तिरका खाली येतो, त्यामुळे तो ओढतो तेव्हा वाटीला बाहेरच्या अंगाला खेचतो. आतल्या अंगाने एक पट्टा तिला धरून ठेवतो. माझ्या बाबतीत तो पट्टा फाटला होता. त्याचं खरं नाव मेडियल पटेलोफेमोरल लिगामेंट. ते मी तीन दिवसांत पाठ केलं, कारण पुढचे तीन महिने मला ते रोज किमान चौघांना सांगायचं होतं आणि चौघांपैकी एकालाही ऐकायचं नव्हतं.

डॉक्टर पुढे म्हणाले, “हे साधारण दहा ते वीस वयात होतं. तुम्हाला या वयात झालं म्हणजे—”

पुढचं मी ऐकलंच नाही. मी छत्तीस वर्षांची आहे. मला अशा तरुण आजारात कोणी बसवल्याला फार वर्षं झाली होती.

मग त्यांनी मला हाताचा अंगठा मागे वाकवायला सांगितला. तो मनगटाच्या पुढे, हाताला जाऊन टेकला. ही माझी शाळेपासूनची कला. तिच्यावर मी चौथीत कितीतरी लिमलेटच्या गोळ्या कमावल्या होत्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सांधे मुळातच सैल आहेत, असं त्यांनी कागदावर लिहिलं. नंतर गुडघा वाकवून, वरून सूर्योदय बघावा तसा एक एक्स-रे काढला. त्यात वाटीची खाच जरा उथळ असल्याचं दिसलं. “उथळ” हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा नवरा खिडकीबाहेर बघत होता. घरी येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, “उथळ पाण्याला खळखळाट फार.” तेरा वर्षं तो या संधीची वाट बघत होता, हे कळत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. शिवाय दुखत होतं.

रात्रीपर्यंत गुडघ्याचा नारळ झाला. आत रक्त साठलं होतं. दुसऱ्या दिवशी सुईने ते काढलं. डॉक्टर ती नळी उजेडात धरून काहीतरी शोधत होते. वर चरबीचे थेंब तरंगताना दिसले तर हाड चिरलंय असं समजायचं, असं त्यांनी मोठ्या आस्थेने समजावलं. थेंब नव्हते. पण त्यानंतर दोन महिने मी मिसळीच्या तर्रीकडे बघू शकले नाही.

एमआरआयच्या आधी तिथल्या मुलाने अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायला सांगितलं. मंगळसूत्र काढून मी सासूबाईंच्या हातात दिलं. श्रावणातला मंगळवार, त्या ते पदराआड धरून, डोळे मिटून बाकावर बसल्या. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. गुडघ्यांतही दोन. त्या दिवशी दोन वाट्या घरच्यांच्या हवाली करून आणि दोन बरोबर घेऊन मी त्या बोगद्यात शिरले आणि पस्तीस मिनिटं कुणीतरी माझ्या कानाशी पत्र्याच्या डब्यावर ताशा वाजवला.

रिपोर्ट चांगला आला. सुटा तुकडा कुठे नव्हता. वाटी जाताना आणि येताना खाचेच्या कडेवर आपटली होती, त्यामुळे दोन्ही हाडांना मुका मार होता. पट्टा फाटला होता, पण पहिलीच खेप आहे, सुटा तुकडाही नाही, म्हणून शस्त्रक्रियेची घाई नको. काही आठवडे ब्रेस आणि मग व्यायाम. पुन्हा पुन्हा सरकायला लागली तर मांडीच्या मागची एक दोरी घेऊन नवा पट्टा घालता येतो. ‘पुन्हा पुन्हा’ हा शब्द त्यांनी हळू उच्चारला. एकदा घराबाहेरची वाट पाहिलेल्या वाटीला ती पुन्हा आठवते, हे शास्त्राने मान्य केलेलं आहे.

इथून दुखण्याचा खरा भाग सुरू झाला. तो म्हणजे भेटायला येणारे.

पोटात दुखलं तर लोक विचारतात, काय खाल्लं होतं? डोकं दुखलं तर म्हणतात, झोप. पण गुडघ्याची गोष्ट वेगळी. तो चाळिशीनंतर प्रत्येकाचाच दुखतो, त्यामुळे प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. आणि हे सगळे तज्ज्ञ एकाच रोगाचे : झीज. माझ्याकडे आलेल्या माणसांपैकी एकालाही सरकणं नको होतं. सगळ्यांना झिजणंच हवं होतं.

“वंगण संपलं की असं होतं.”

“संपलं नाही काकू, वाटी सरकली.”

“तेच ते. वंगण नसलं की सरकणारच.”

मी सांगून पाहिलं, की वंगण नसतं तर ती अडकली असती, सरकली नसती. यावर काकूंनी मेथीचे लाडू काढले. डिंकाचे तिसऱ्या मजल्यावरून आले. निर्गुडीचा पाला, लसूण घातलेलं तेल, पारिजातकाच्या पानांचा काढा, आणि ठाण्याच्या एका मावशींनी स्वतः वापरून सोडलेली रबराची नीकॅप, धुऊन. गणपती मंदिरापुढच्या फूलवाल्याने माझा ब्रेस पाहून एरंडाची पानं फुकट दिली. चौथ्या दिवशी मी वाद सोडून दिला. “झीजच आहे,” असं कबूल केलं की माणसं लवकर उठतात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

या सगळ्यात अधिकाराने बोलणाऱ्या एकच, आमच्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही वाट्या बदलल्या, असं त्या सांगतात आणि आख्ख्या सोसायटीने ते मान्य केलेलं आहे. त्यामुळे माझं दुखणं त्यांना ज्युनिअर केजीतलं वाटत होतं. “मी तिसऱ्या दिवशी चालले,” हे वाक्य घरात दिवसातून दोनदा, चहाच्या वेळी होत असे. मीही कच खात नव्हते, पण पुरावा त्यांच्या बाजूने होता.

दुसऱ्या तपासणीला त्या बरोबर आल्या आणि आपली फाइल घेऊन आल्या. डॉक्टरांना दोन गुडघ्यांची तुलना करता यावी, एवढाच त्यांचा निःस्वार्थी हेतू. डॉक्टरांनी त्यांचे एक्स-रे उजेडात धरले आणि म्हणाले, “छान झालंय. मांडीच्या हाडाला इथे धातूचं टोपण, नडगीवर ही पट्टी, मध्ये प्लॅस्टिक.”

“आणि वाट्या?”

“वाट्या तुमच्याच आहेत. जुन्याच. त्यांना हात लावलेला नाही.”

खोलीत जी शांतता पसरली, तिचं वर्णन करणं सुनेला शोभणार नाही. गुडघ्याच्या सगळ्या शस्त्रक्रियेला आपण ‘वाटी बदलली’ म्हणतो आणि बऱ्याच जणांची वाटी मात्र होती तिथेच, होती तशीच राहते. दोन वर्षं, तीन हळदीकुंकवं आणि एक डोहाळजेवण त्यांनी ज्या वाट्यांच्या जिवावर गाजवलं होतं, त्या बदललेल्याच नव्हत्या. परतीच्या रिक्षात त्या गप्प होत्या. घर आल्यावर म्हणाल्या, “हे घरात सांगायची गरज नाही.” मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून “मी तिसऱ्या दिवशी चालले” हे वाक्यही बंद झालं.

आमचा कार्यक्रम ठरल्या मंगळवारी झाला. मला कडेला खुर्ची आणि गाण्यांची वही मिळाली. माझी नऊवारी माझ्या जागी घेतलेल्या मुलीला सैल होत होती. तिला तीन पिना लावाव्या लागल्या. हे मी उगीचच लिहितेय.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचविशीची एक हसरी मुलगी. तिने पहिल्या दिवशी माझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, “ताई, गुडघ्याने ही खाली दाबा. मांडी आवळा.”

मी आवळली. काहीही झालं नाही. मी पुन्हा आवळली. भुवया वर गेल्या, दातांवर दात बसले, डावी मांडी दगडासारखी झाली, हाताच्या मुठीही वळल्या. उजवी मांडी ढिम्म. मी तिच्याकडे बघत होते आणि ती, बिल भरायच्या रांगेत आपला नंबर आल्यावर खिडकीपलीकडचा माणूस ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने माझ्याकडे बघत होती. छत्तीस वर्षं ज्या पायाने मला न मागता जिने चढवले, त्याला आता लेखी अर्ज हवा होता.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “सूज आली की गुडघा मांडीला काम बंद ठेवायला सांगतो.” म्हणजे संप होता तर. मागण्या काय आहेत, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. मी रोज तीनदा त्या गुंडाळीवर पाय ठेवून, मांडीवर हात ठेवून, तिच्याशी बोलणी करत बसे. लेक शाळेतून आली की दारातूनच विचारी, “हलली का?” नवव्या दिवशी, गुडघ्याच्या आतल्या अंगाला, वाटीच्या जरा वर, पाण्याच्या थेंबासारखा एक स्नायू असतो, तिथे काहीतरी थरथरलं. गळाला मासोळी लागल्यावर दोरी हलते, तेवढंच. “आली, आली!” फिजिओ ओरडली. शेजारच्या पलंगावरचे खांद्याचे आजोबा उठून बसले. प्लॅटफॉर्मवर असल्यासारखं त्यांनी विचारलं, “फास्ट का स्लो?”

स्लोच होती. तिने टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी तीन सेंटिमीटर बारीक झाली होती. वीस वर्षं मी ज्या नवसासाठी कितीतरी रविवार उपाशी राहिले, तो असा अर्धवट फेडला गेला. मग सरळ पाय उचलणं, मग अर्धी बैठक, मग दात घासताना एका पायावर उभं राहणं. हे शेवटचं मी आजही करते, त्यामुळे आमच्या आरशावर ठिपके असतात.

ती मला हिशेबही सांगायची. सपाटीवर चालताना वाटीवर वजनाच्या निम्माच भार येतो, जिन्यावर तिपटीहून जास्त, आणि खोल बैठक मारली की सात-साडेसात पट. म्हणजे बसफुगडी. माझं वजन मी इथे सांगणार नाही, सात पट करून तर मुळीच नाही. पण एवढं ओझं त्या शिंगाड्याने इतकी वर्षं बिनतक्रार वाहिलं, हे ऐकल्यावर मला त्याच्या पळून जाण्याचं नवल वाटेनासं झालं.

जिन्याचं तिचं सूत्र सोपं होतं : चढताना शहाणा पाय पुढे, उतरताना खोडकर पाय पुढे. सहा आठवड्यांनी ऑफिसला जायला लागले तेव्हा डोंबिवली स्टेशनच्या पुलावर मी हे पुटपुटत उतरत असे आणि मागून येणारी सगळी डोंबिवली माझ्यावरून वाहत असे. तिथे मला आणखी एक सूत्र सापडलं, ते कुठल्याच फिजिओला माहीत नसतं. ब्रेस कुर्त्याच्या आत घातला तर चौथी सीटही मिळत नाही. लेगिंगच्या वर, उघड्यावर बांधला तर खिडकी मिळते. ब्रेस सोडायला डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तो आणखी आठ दिवस घातला. या कबुलीने ज्यांना वाईट वाटेल, त्यांनी सकाळची आठ बाराची लोकल एकदा धरून बघावी.

नवरात्रात भोंडल्याला हत्तीभोवतीच्या गोलात मी चालले. हत्तीपेक्षा थोडी जोरात. दिवाळीत फराळ उभ्याने केला. सूज गेली, दुखणं गेलं, मांडी भरली. आणि डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीला मला पाय सैल सोडायला सांगून, अंगठ्याने वाटी बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलली.

मी त्यांचा हात धरला. विचार करून नाही. हात आपणहून गेला. सोडला तेव्हा त्यांच्या मनगटावर माझ्या नखांच्या तीन खुणा होत्या.

“यालाच टेस्ट म्हणतात,” ते मनगट चोळत म्हणाले. फेअरबँक नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने १९३७ साली हे लिहून ठेवलंय. वाटी ढकलायची आणि पेशंटच्या तोंडाकडे बघायचं. तो दचकून मांडी आवळतो किंवा डॉक्टरचा हात पकडतो. मी दोन्ही केलं होतं. एवढे एक्स-रे, एवढा ताशा, आणि शेवटची परीक्षा काय, तर पेशंट घाबरतो का. “गुडघा तयार आहे,” ते म्हणाले, “तुम्ही नाही.” अक्कल गुडघ्यात असते असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. माझ्या तर गुडघ्यातलीच आधी परत आली होती आणि डोक्यातली अजून यायची होती.

ती येईना. दुखत काहीच नव्हतं, तरी रस्त्यात कोणी हाक मारली तर मी मान वळवायच्या आधी, हवालदारासारखी, पावलं वळवून घेत असे. पलंगावर उलटं वळताना हात गुडघ्यावर. गाडीतून उतरताना हात गुडघ्यावर. लेकीने तर माझी नक्कल बसवली होती आणि ती मागणीनुसार पाहुण्यांना करून दाखवत असे.

संक्रांतीचं हळदीकुंकू नर्स काकूंकडे होतं. त्यांनी तिळगूळ हातावर ठेवला. मी त्यांना म्हटलं, माझी वाटीही जातीने तीळच आहे. “असू दे,” म्हणाल्या आणि वाण दिलं. स्टीलची वाटी. सगळ्यांनाच तीच होती, पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “एक जास्तीची ठेव घरात.” सासूबाईंना दिली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पटकन मसाला दूध प्यायला लागले.

मग कोणीतरी टाळ्या धरल्या आणि मुली फुगडीला उठल्या. लेक माझ्यासमोर येऊन हात ओलांडून उभी राहिली. नऊ वर्षांची आहे, तिला नाही म्हटलेलं ऐकू येत नाही. मी चपला दाराबाहेरच काढल्या होत्या. तरी पुन्हा एकदा पायांकडे पाहिलं. अनवाणी होते. थंड, गुळगुळीत, घसरणारी फरशी.

तिचे हात धरले, पावलं जुळवली. एक फेरा गेला. दुसऱ्या फेऱ्याला माझा हात सवयीने गुडघ्याकडे निघाला आणि मनगटापाशीच अडला. फुगडीत दोन्ही हात समोरचीच्या हातात असतात, हे इतक्या महिन्यांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिसरा फेरा. चौथ्याला काकू मोजायला लागल्या.

“आई,” लेक फिरता फिरता ओरडली, “अगं, हात किती घट्ट धरतेस! माझी बोटं सरकतील आता!”